गार बाटली

सावळारामने हात मिळवला की माणसाचा हात धरल्यासारखं वाटत नसे. मोगरीचं टोक मुठीत आल्यासारखं वाटे. तळवा पिवळट, घट्ट, रेषा जवळजवळ बुजलेल्या. एकदा नारपोलीच्या नाक्यावर एका ज्योतिषाने त्याचा हात बघायला घेतला आणि तसाच परत दिला. "काका, इथं काही छापलेलंच नाही," तो म्हणाला. सावळाराम हसला. त्या हाताचा त्याला अभिमान होता.

तो हात त्याला साईझिंगने दिला. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढवण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला कांजी पाजतात, नाहीतर सूत तुटतं. ते काम चालतं त्याला आमच्याकडे साईझिंग म्हणतात. मोठ्या टाकीत कांजी रटरटते, वाफेने अंग भिजतं. सावळाराम त्या कांजीवर होता. ती शिजली की नाही हे तो काठीने बघत नसे. बोटं सरळ टाकीत घालायचा, अंगठ्याने चोळायचा आणि म्हणायचा, "आथा सोडा." बाकीचे लोक बघत राहायचे. आमचा मुकादम उत्तरेकडचा होता. तो ओरडायचा, "अरे सावलाराम, हाथ है कि कलछी?" पण शेठ आला की त्यालाच सांगायचा, "सेठ, इसका हाथ लगा तो बीम पास समझो." बीम म्हणजे कांजी पाजलेलं सूत गुंडाळलेला रूळ.

मी त्याच साईझिंगमध्ये बॉयलरवर होतो. माझ्यासमोर काचेत एक काटा असे. काटा लाल रेघेकडे गेला की वाफ सोडायची, खाली आला की आग वाढवायची. माझा काटा कधी चुकला नाही. पण शेठने कधी बॉयलरखान्यात येऊन, "पंढरीचा काटा लागला म्हणजे झालं," असं म्हटलं नाही. काट्याचं कौतुक कोण करतो?

साईझिंग बंद पडलं तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या हॉस्पिटलने आम्हा दोघांनाही घेतलं. मला ऑटोक्लेव्हवर ठेवलं. ऑपरेशनची अवजारं आणि कपडे वाफेने निर्जंतुक करायचं ते यंत्र. तिथेही काटाच. सावळारामला मात्र आत घेतलं, ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस म्हणून. माझी खोली आणि थिएटरबाहेरचा पॅसेज यांच्यामध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीला एक सरकती खिडकी. निर्जंतुक झालेले डबे मी त्या खिडकीतून पलीकडे द्यायचो. पलीकडचं सगळं मला त्या खिडकीएवढंच दिसायचं. तेवढंही पुरेसं होतं.

सावळाराम हिरवा डगला घालून त्या पॅसेजमधून असा चालायचा की जणू थिएटर त्याच्या आजोबांनी बांधलंय. डॉक्टर देवेश मोठे सर्जन, पण आत जाता जाता थांबून विचारायचे, "काय मामा, काल कोलंबी मिळाली का?" सिस्टर मृणाली, जी ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांच्या हातात अवजारं द्यायची, तीसुद्धा त्याला मामाच म्हणायची. झाडूवाल्यापासून ट्रस्टींपर्यंत तो सगळ्यांचा मामा. मला लोक 'ऑटोक्लेव्ह' म्हणायचे. "ऑटोक्लेव्हला सांग डबा दे." यंत्राच्या नावाने मारलेली हाक माणसाला कशी लागते, हे हाक मारणाऱ्याला कळत नाही.

त्याच्याकडे एक खास काम होतं. पोट उघडून ऑपरेशन करतात तेव्हा आतून धुवायला सलाईनचं पाणी लागतं. ते गार ओतलं तर गुंगीतल्या पेशंटचं अंग थंड पडतं आणि शुद्धीवर येताना तो कुडकुडतो. म्हणून बाटल्या कोमट करून द्यायच्या असत. सावळाराम पॅसेजच्या टोकाला गॅसवर मोठं पातेलं ठेवून त्यात सीलबंद बाटल्या सोडायचा. मग एकेक बाटली काढून तळव्याला लावायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि आत द्यायचा. "मामांचा हात म्हणजे थर्मामीटर," डॉक्टर देवेश म्हणायचे. हे वाक्य मी खिडकीतून इतक्या वेळा ऐकलं, की ते सुरू झालं की मी खिडकी सरकवून घ्यायचो.

मग एक दिवस ते कपाट आलं.

माणसाएवढं उंच, पांढरं, काचेच्या दाराचं. वर आकडे दाखवणारी पट्टी. आत चाळीस म्हटलं की चाळीसच राहायचं. हॉस्पिटलची पुन्हा तपासणी होणार होती आणि मागच्या वेळी तपासणीवाल्यांनी पातेलं बघून डोक्याला हात लावला होता, असं म्हणत. कपाटाबरोबर त्याची राखणदारही आली. रुचिका. जवळच्या पूर्णा गावची, थिएटरची नवी टेक्निशियन. तिच्या वडिलांच्या भाताच्या जमिनीवर आता मोठी गोडाऊनं उभी आहेत. तरी पोरगी शिकून रोज सकाळी स्कूटीवरून ड्युटीला यायची.

पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना पॅसेजमध्ये उभं करून नियम सांगितले. प्रत्येक बाटली आत ठेवताना तिच्यावर चिकटपट्टी लावायची आणि त्या दिवसाची तारीख घालायची. गरम जागी बाटली कायम राहत नाही, बनवणाऱ्या कंपनीने जेवढे दिवस सांगितलेत तेवढेच. दिवस भरले की ती काढायची, मग ती पुन्हा कपाटात जाणार नाही. एकदा बाहेर काढून गार झालेली बाटली परत ढकलायची नाही. शिरेतून द्यायच्या पिशव्या वेगळ्या फळीवर, धुवायच्या बाटल्या वेगळ्या. आणि आकडा वाढवायचा नाही, घाई असली तरी.

"न वाढवून कसं चालंल?" सावळाराम म्हणाला. "सर्जन उभा असतो, त्याला काय सांगशील, थांबा, कपाट तापतंय?"

"ते तापलेलंच असतं मामा. म्हणून तर आणलंय."

"मंग आमच्या हाताचं काय लोणचं घालू?"

सगळे हसले. रुचिकाही हसली. सावळाराम मात्र हसला नाही. त्या दिवशी दुपारी तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "पंढरी, माझ्या घरात सवत आली रं."

"सवत बायकांना असते."

"ती बघ उभी हाय. गोरीपान, दिवा लावून."

आतून मला बरं वाटलं होतं, इतकं बरं की मी चहात साखर जास्त घातली.

त्यानंतर मी रोज खिडकीतून एक खेळ बघायचो. डॉक्टर आतून म्हणायचे, "गरम बाटली." सावळाराम उठायचा, पण तो कपाटापर्यंत पोचेपर्यंत रुचिका दार उघडून, पट्टी वाचून, बाटली घेऊन आत गेलेली असायची. तो अर्ध्या वाटेत उभा. मग तो उगाच लादी बघायचा, दिवे बघायचा. कपाटासमोरून जाताना त्याचा खांदा दाराला लागायचा, नेहमी त्याच बाजूने. "गोडाऊनवाली," तो मला म्हणायचा. "बापाच्या गोडाऊनात जसा माल ठेवतान, तशी हितं आमची सलाईन रचते. तारखा लावून! उद्या मनाबी तारीख लावंल."

"लावायला हवीच आहे," मी म्हणालो.

"तू जळू नको."

"मी कशाला जळू? आता जळायचं तुझ्याकडे गेलंय."

हे मी सहज बोललो, पण तो तसाच पाठ फिरवून निघून गेला.

एकदा सकाळी रुचिकाने कपाटाचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरली. पॅसेजभर सुक्या बोंबलांचा वास पसरला. आत, धुवायच्या बाटल्यांच्या मागे, स्टीलचा डबा होता. तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी.

"हे कोणाचं आहे?"

सावळारामने मान वर केली नाही. "गरम करतं म्हणतान ना. म्हटलं, बघू तरी, भाकरी गरम करतं क."

"मामा, हे निर्जंतुक सामानाचं कपाट आहे!"

"भाकरी काय घाण हाय?"

रुचिकाने सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या. कपाट आतून पुसून घेतलं, पुन्हा पुसून घेतलं. गार झालेल्या बाटल्या परत आत गेल्या नाहीत, नियमच तसा होता. मेट्रनबाई आल्या, नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मामा, पुढच्या वेळी असं झालं तर तुमची जागा बदलेन. गेटवर." त्या कधी दोनदा सांगत नसत. डॉक्टर देवेश मात्र जाता जाता म्हणाले, "चटणी घरची का?" आणि सावळारामचा चेहरा उजळला. मला त्याचाही राग आला. मी असं काही केलं असतं तर मला कोणी चटणी विचारली नसती.

गेट म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. गेटवर उभा राहतो त्याला कोणी मामा म्हणत नाही. त्याला 'ए वॉचमन' म्हणतात. त्या दिवसापासून तो कपाटाला हात लावत नसे, पण पातेलं त्याने टाकून दिलं नाही. ते माझ्याच खोलीत, ऑटोक्लेव्हच्या मागे उपडं घालून ठेवलं होतं त्याने. "राहू दे," म्हणाला. "यंत्राचा काय भरवसा."

उन्हाळ्याच्या दिवसांत त्याला हवा होता तो दिवस आला.

आमच्याकडे लाईट गेली की ते दिव्यांवरून नंतर कळतं, आधी कानांनी कळतं. नारपोलीत चोवीस तास लूम चालतात, त्यांचा खडखडाट इतका अंगात मुरलेला असतो की तो थांबला की माणूस दचकतो. त्या दुपारी लूम एकदम थांबले. जनरेटर सुरू झाला, पण त्याच्यावर थिएटरचे दिवे आणि गुंगीचं यंत्र तेवढंच. ऑटोक्लेव्ह बंद. कपाट बंद. वरची पट्टी काळी.

टेबलावर सखी नावाची एक तरुण मुलगी होती, पडघ्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. तिचा बाप मंगळ्या बाहेर बाकाच्या कडेला अंग चोरून बसला होता, जणू बाकावर बसायला पैसे पडतात.

रुचिका म्हणाली, "कपाटाचं दार उघडू नका, आतली ऊब टिकेल." ती टिकली. एकेक बाटली काढून, तेवढ्यापुरतं दार उघडून ती देत राहिली. पण पू खूप होता. धुवायला पाणी जास्त लागलं. कपाटातल्या धुवायच्या बाटल्या संपल्या आणि डॉक्टरांचा आवाज आला, "अजून हवं. गरम."

तोवर सावळारामने माझ्या खोलीतलं पातेलं उचललं होतं. मी त्याला बघत होतो. गॅस पेटवला, पाणी, बाटल्या. वाकलेला माणूस सरळ झाला होता. कांजीच्या टाकीजवळ असा उभा राहायचा तो. बाटली काढली, तळव्याला लावली, डोळे अर्धे मिटले.

"घ्या मामांची बाटली," तो मोठ्याने म्हणाला, आत ऐकू जाईल अशी.

रुचिका दारातून हात पुढे करून ती घ्यायला आली आणि तिच्या हातातून बाटली खाली पडली.

"आई गं! मामा, भाजतंय!"

"काय भाजतंय? कोमट हाय."

"न्हाय मामा, खूप गरम हाय!" घाईत तिची शाळेतली मराठी सुटली आणि पूर्ण्याची बोली बाहेर आली.

"नाटकं करतेस. माझी बाटली हाय म्हणून टाकलीस." सावळाराम लाल झाला होता. त्याने पातेल्यातून दुसरी बाटली काढली, मुठीत घट्ट धरली आणि सगळ्यांना दाखवली. "बघा. धरलीय ना मी? भाजतंय तर मी कशी धरली?" मग त्याने माझ्या खिडकीकडे पाहिलं. "पंढरी, तू ये. तू आगीतला माणूस. तू धर आणि सांग यांना."

इतक्या वर्षांत मी कधी त्या पॅसेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. माझ्याकडे सगळे बघत होते. मी त्याच्या हातातून बाटली घेतली.

मला ती धरवली नाही. मी ती लगेच बाजूच्या टेबलावर ठेवली आणि बोटं चोळली. बाटली खरंच फार गरम होती.

"सावळाराम, गरम आहे. ओतता येणार नाही ही."

तो माझ्याजवळ आला. मग हळू आवाजात म्हणाला, "जळतोस. पयल्यापासून जळतोस तू माझ्यावर. मना ठाव हाय."

त्याचं म्हणणं खरं होतं. बाटली गरम होती, हेही खरं होतं. पण माझ्या तोंडून दुसरं खरं निघालं तरी लोकांना त्यात पहिलंच ऐकू येईल, असं मला वाटलं, आणि मी भिंतीकडे सरकलो.

रुचिकाने वाद घातला नाही. तिने बाटली उघडून कपाटाबरोबर आलेला थर्मामीटर बुडवला. पारा साठाच्या पुढे गेला. सावळारामने तो स्वतः वाचला. आकडे त्याला येत होते.

आतून मृणालीचा आवाज आला, घाईचा, ऑपरेशनवरची नजर न हलवता. "अगं मग एक गार बाटली मिसळ ना त्यात! नेहमीसारखं!"

रुचिकाने विचारलं, "नेहमीसारखं म्हणजे?"

आतून फक्त अवजारांचा आवाज आला. आपण काय बोलून गेलो, हे मृणालीच्या लक्षात आलं असणार.

"अंदाजाने मिसळायचं नाही," रुचिका म्हणाली. तिने पातेल्यातली एकही बाटली आत जाऊ दिली नाही. फळीवरच्या साध्या बाटल्या उचलल्या. "सर, या गार आहेत. भाजण्यापेक्षा गार बरं. मी पेशंटवर ब्लँकेट वाढवते." डॉक्टर म्हणाले, "चालेल. लवकर." आणि त्यांचं काम पुढे सुरू झालं. सखी वाचली. शुद्धीवर येताना ती कुडकुडली खरी, पण मंगळ्याला त्याचं काही नव्हतं. तो तिचे पाय आपल्या फडक्याने गुंडाळून धरून बसला होता.

ऑपरेशन संपल्यावर मृणाली मास्क काढून बाहेर आली. सावळाराम पातेल्याशेजारी उभा होता, गॅस बंद करायचंही विसरून. तिने तो बंद केला.

"मामा," ती म्हणाली, "मी आले तेव्हा आधीच्या सिस्टरने मला सांगितलं होतं. मामांनी बाटली दिली की वाडग्यात आधी एक गार ओतायची, मग मामांची. तुमचं मन मोडायचं नव्हतं कोणाला."

"म्हणजे एकदाबी माझी बाटली..."

"तुमचीच असायची मामा. पण गार मिसळून."

तो निघून गेला. डगलासुद्धा काढला नाही, हिरवा डगला घालूनच नारपोलीच्या बाजारातून घरी गेला, असं नंतर लोक सांगत होते. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

मग मेट्रनबाईंनी मला बोलावलं. "पंढरीभाऊ," त्या म्हणाल्या. माझ्या नावाला भाऊ लागलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "मामा काही यायचे नाहीत आता. तुम्ही काट्याकडे बघून काम करणारे. आत याल का? कपाट रुचिकाच बघेल, तुम्ही तिच्या हाताखाली. ऑटोक्लेव्हला मी नवा माणूस बघते."

मला जे हवं होतं ते माझ्यासमोर ठेवलं होतं. मी उद्या सांगतो म्हणालो आणि संध्याकाळी सावळारामच्या घरी गेलो. का गेलो, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. त्याला धीर द्यायला गेलो असं म्हणावं तर ती बातमी माझ्या तोंडात गुळासारखी विरघळत होती.

तो ओट्यावर बसला होता. हात मांडीवर उपडे. त्याची बायको गुणाबाई तिथेच मासे साफ करत होती.

"बघा भावजी," ती म्हणाली, "दोन दिस हात बघतान नुसतं. एवढं कनाला मनाला लावायचं? यांच्या हाताला कळत न्हाय, ते नवं हाय क? तव्यावरून भाकरी हातानं उचलतान. नातवंडांच्या आंघोळीचं पाणी मी यांना कवा बघू दिलंय? हे बघतान, बरं हाय म्हणतान, मी मागून तांब्याभर गार ओतते."

सावळारामने मान वळवली. "तूबी?"

"मग पोरं भाजू देऊ?"

तो हसला नाही. त्याने मांडीवरचे हात उताणे केले. "सगळ्यांना ठाव व्हतं," तो म्हणाला. "मना सोडून. मना वाटायचं हाताला देणगी हाय. देणगी कसली! कांजीनं हात मारून टाकला."

मी तेव्हा सांगितलं, "मेट्रनबाईंनी मला आत बोलावलंय. तुझ्या जागी."

गुणाबाईची सुरी थांबली. सावळारामने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या ताटातला मासा उचलला.

"तू?"

"हो."

"आत?"

"हो म्हटलं ना."

"अरं, तुना रक्त बघून चक्कर येते! साईझिंगात माझं बोट कापलं तवा तूच खाली पडला व्हतास, मी तुना पाणी पाजलं!"

"ते वेगळं."

"डॉक्टरला सांगशील काय, काटा बघून? तुना कोण मामा म्हणंल? सवत झाली, ती पोरगी झाली, आथा तू! न्हाय न्हाय. तू न्हाय." तो उठून उभा राहिला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज ओट्याबाहेर गेला. "जा तू घरी."

"चहा तरी घेऊ दे भावजींना," गुणाबाई म्हणाली.

"त्याच्या ऑटोक्लेव्हवर करून घेईल."

मी चहा न घेता घरी आलो. त्या रात्री मला वाटलं की मी जिंकलो, आणि झोप मात्र लागली नाही.

सकाळी मी ड्युटीवर पोचलो तर तो माझ्याआधी आलेला होता. कपाटासमोर उभा, धुतलेला डगला, केस तेल लावून बसवलेले. रुचिका त्याला सांगत होती आणि तो ऐकत होता. ऐकताना त्याचा जबडा आवळलेला दिसत होता, पण ऐकत होता.

"हात खिशात, मामा."

"घातला."

"दोन्ही."

"मंग पट्टी कशी लावू?"

"आधी आकडा वाचा. मग हात काढा. बाटली धरायची, पण तापमान हाताने सांगायचं नाही. कधीच नाही."

"चाळीस," तो वर बघून म्हणाला. "आथा पट्टी?"

"आता पट्टी. दाताने नाही मामा! कात्रीने!"

मेट्रनबाई पॅसेजमधून आल्या, त्यांनी हे बघितलं आणि माझ्या खिडकीशी थांबल्या. "पंढरीभाऊ, मामा आलेत. तुमचं आता राहू द्या हं." मी हो म्हणालो. दुपारी एक आया ओरडली, "ऑटोक्लेव्ह, डबा द्या!" मी डबा दिला.

सवत म्हणायचा तो ज्या कपाटाला, त्याला तो आता कोणाला हात लावू देत नाही. एका नव्या वॉर्डबॉयने घाईत दार उघडं टाकलं तर सावळारामने त्याला पॅसेजभर ऐकवलं, "बापाचं फ्रीज हाय क? ऊब जाते!" कोणी दिवस भरलेली बाटली परत मागे ढकलली की तो ती बरोबर ओळखून काढतो, पट्टीवरच्या तारखेवरून. रुचिकाला तो अजूनही गोडाऊनवाली म्हणतो, पण आता तिच्या तोंडावर. ती म्हणते, "बोला मामा." मृणालीशी तो बरेच दिवस बोलला नाही. मग एक दिवस तिच्यासाठी डब्यातून कोलंबी आणली. कपाटात न ठेवता.

आणि माझ्याशी? महिनाभर तो खिडकीशी आला नाही. मग एका सकाळी काचेवर टकटक झाली. मी खिडकी सरकवली. त्याने कपाटातली एक बाटली पुढे केली.

"धर."

मी धरली. कोमट होती, झोपलेल्या मुलाच्या पाठीसारखी.

"कशी हाय?"

"चांगली आहे."

"आकडाबी तेच सांगतो," तो म्हणाला. "तुना उगाच विचारलं."

तेव्हापासून तो रोज सकाळी एक बाटली घेऊन येतो. आकडा कपाटावर दिसत असतो, माझ्या हाताची काही गरज नसते, तरी विचारतो. मी धरतो, सांगतो, तो बाटली घेऊन जातो. ती परत कपाटात जात नाही, पहिल्या ऑपरेशनला जाते.

तो गेल्यावर मी कधीकधी विचार करतो. एवढी वर्षं त्याचा हात चुकत होता आणि एवढी वर्षं एका पाठोपाठ एक सिस्टर मुकाट्याने एक गार बाटली ओतत राहिली. घरी गुणाबाई तांब्या ओतत राहिली. कोणी त्याला कळू दिलं नाही. माझा काटा कधी चुकला नाही. माझ्यासाठी कोणाला काही ओतावं लागलं नाही, आणि कोणी ओतलंही नाही. बाकी सगळ्याचा हेवा माझा आता वयाने ओसरलाय. एवढा एक राहिलाय.

आतून मृणाली हाक मारते, "मामा!" पलीकडे त्याची पावलं वाजतात. मी खिडकी सरकवून घेतो आणि काट्याकडे बघतो.